म्कुयुनीचं मधलं रजिस्टर

१

कपाटाचं कुलूप जागच्या जागी होतं, किल्ली सिस्टर एलिडाच्या कमरेला होती, आणि तरीही तीन रजिस्टरांपैकी मधलं रजिस्टर नाहीसं झालं होतं.

निरोप घेऊन डॉक्टर तियामिके स्वतः आली तेव्हा एनिफा काम्वेंडो ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. जुलै महिना होता, इथल्या थंडीचा. चिपेरोनीचं धुकं डोंगरावरून उतरून दोन दिवस गावातच मुक्कामाला बसलं होतं. फाटकातून आत येणारी मुलगी एनिफाला आधी चालीवरून कळली, चेहरा मागाहून दिसला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशनसाठी तिचं नाव यादीत लागून अकरा महिने झाले होते.

"अगोगो, तुम्हाला सिस्टरनं बोलावलंय. असाल तशा चला म्हणाली." इथे म्हाताऱ्या बाईला सगळे आजीच म्हणतात, मग ती कुणाची असो वा नसो.

"कोण गेलं?"

"कुणी नाही. गेल्या वर्षीचं ऑपरेशनचं रजिस्टर हरवलंय."

एनिफानं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "मग उभी काय राहिलीस? चल."

म्कुयुनीच्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून तिनं एकतीस वर्षं काढली होती. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, तरी तिथे काही अडलं की निरोप तिच्याकडेच यायचा. तिला त्याचं बरं वाटायचं, पण ते ती कबूल करत नसे.

वाटेत तियामिकेनं सगळं सांगितलं. राजधानीतली समिती पुढच्या दहा वर्षांचा आराखडा करत होती. दर वर्षी किती डॉक्टरांना सर्जन व्हायला घ्यायचं, आणि त्यांनी कुठल्या इस्पितळात शिकायचं, हे त्यातून ठरणार होतं. त्यासाठी प्रत्येक इस्पितळानं तीन वर्षांची ऑपरेशनची रजिस्टरं दाखवायची होती. ती तपासायला वायसन चिरांबो नावाचे अधिकारी आज मंगळवारी सकाळी आले होते आणि उद्या दुपारी बाराला परत निघणार होते.

"आणि एक रजिस्टर कमी असलं तर?"

"तर आपले कागद अपुरे. म्कुयुनीला एकही जागा नाही." तियामिकेनं खांद्यावरची पिशवी सावरली. "अगोगो, माझ्या पिशवीत परदेशातल्या एका इस्पितळाचं पत्र आहे. वर्षाअखेरपर्यंत उत्तर द्यायचंय."

"तुला जायचंय?"

"मला इथे सर्जन व्हायचंय. पण इथे जागाच नसेल तर मी काय करू?"

ही मुलगी याच इस्पितळात जन्मली होती. एनिफानंच तिला पहिल्यांदा कापडात गुंडाळलं होतं. एनिफानं पावलं जरा लांब टाकायला सुरुवात केली.

२

कपाट थिएटरच्या बाहेरच्या खोलीत होतं. वरच्या फळीवर निर्जंतुक केलेली हिरव्या कापडातली पुडकी, खालच्या फळीवर रजिस्टरं. सिस्टर एलिडा पन्नाशीची, एनिफाच्या हाताखाली शिकलेली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"शुक्रवारी तिन्ही होती अगोगो. मी स्वतः पुसून ठेवली. आज उघडते तर दोनच. कपाटं, ड्रम, कपड्यांची टोपली, छपराच्या फळ्या, सगळं पालथं घातलं. कचऱ्याचा खड्डासुद्धा उपसला."

"किल्ली?"

"दिवसा माझ्याकडे. शनिवार-रविवार दाराआडच्या खिळ्याला असते. थिएटरच्या सगळ्यांना ठाऊक आहे."

"म्हणजे किल्ली नाहीच म्हण की."

चिरांबो तिथेच उभा होता. तिशीचा, चष्मा, हातात लॅपटॉप, बुटांवर म्कुयुनीचा लाल चिखल. तो वाकून खालची फळी न्याहाळत होता. दोन जाडजूड रजिस्टरं उभी होती आणि त्यांच्या मधल्या फटीत एक हिरवं पुडकं उभं खोचलेलं होतं. त्यानं ते बाजूला सरकवायला हात पुढे केला.

"हात काढा आधी," एलिडा कडाडली. "न धुतलेल्या हातानं पुडक्याला शिवता? मग ते पुन्हा वाफेत घालायचं कुणी, समितीनं?"

चिरांबोनं हात मागे घेतला. "माफ करा, अमाई."

"वरची फळी भरली की मुली पुडकी खाली कोंबतात," एलिडा एनिफाला म्हणाली. "किती वेळा सांगितलं."

एनिफानं डोळे बारीक करून पाहिलं. पुडक्याचं टोक दोनदा मुडपून आत खोवलेलं होतं, तिनं शिकवलं होतं अगदी तसं. तिला आतून ऊब आली. चिकटपट्टी पांढरी दिसत होती. त्यावर काही असलं तरी तिला आता दिसायचं नाही. ती सरळ झाली.

"बम्बो चिरांबो," ती अदबीनं म्हणाली, "हे रजिस्टर नेऊन कुणाला काय मिळणार?"

"ते मलाच कळत नाही. गेल्या वर्षीचं रजिस्टर मी दिवसागणिक वाचणार, असं पत्र पाठवलं होतं."

"ते पत्र शुक्रवारी मी फळ्यावर लावलं," एलिडा म्हणाली. "सगळ्यांनी वाचलं."

"आणि खरं सांगू का?" चिरांबो म्हणाला. "ही दोन रजिस्टरं पाहून मी थक्क झालो. वर्षाला अकराशे ऑपरेशनं, आणि प्रत्येक ओळीत सर्जन म्हणून एकच नाव, डॉक्टर न्यासुलू. एक माणूस एवढं करतो. मी समितीला हेच सांगणार आहे. देशाला लागणारी ऑपरेशनं भागिले अकराशे. त्या हिशोबानं वर्षाला तीन नवे सर्जन घेतले तरी पुरे."

"अख्ख्या देशात तीन?" तियामिकेनं विचारलं.

"गणित तेच सांगतं."

तियामिकेनं भिंतीकडे तोंड केलं. एनिफा मात्र चिरांबोकडे पाहत राहिली. अकराशे. तिच्या काळात डॉक्टर कालुआ धडधाकट होते, दिवसभर उभे असायचे, तरी वर्षाअखेर त्यांच्या स्वतःच्या हातचा आकडा चारशेच्या आतच राहायचा.

मग हा न्यासुलू काय दोन जागी उभा राहत होता?

३

डॉक्टर ग्रेशम न्यासुलू आपल्या खोलीत खिडकीशी बसले होते. उंच, पांढरे केस, कडक इस्त्रीचा कोट. तेवीस वर्षं ते म्कुयुनीचे एकटे सर्जन होते. एनिफा आत येताच ते उठून उभे राहिले. त्यांच्यासारखा रीतीभातीचा माणूस इस्पितळात दुसरा नव्हता.

वॉर्डातली विशीतली मुलगी चहा घेऊन आली. एनिफानं आपला कप घेतला. डॉक्टरांनी त्यांचा कप दोन्ही हातांनी धरला, टेबलावर टेकवला आणि मगच दुसरा हात काढला.

"सिस्टर काम्वेंडो, तुम्हाला माझा संशय येतोय. यायलाच हवा. नवे सर्जन आले की माझी किंमत कमी होणार, असं गावात बोलतातच."

"गावात असंही बोलतात की बाजारापाशी तुमचा खासगी दवाखाना आहे, आणि तो तुम्हाला एकट्यालाच चालवायचाय."

"होता. बंद करून वर्ष उलटलं."

"का बरं?"

"वय झालं." ते हसले. चहाला मात्र त्यांनी पुन्हा हात लावला नाही. "रजिस्टर मी घेतलेलं नाही. पण ते सापडलंच नाही तर मी छाती बडवून घेणार नाही. एवढं खरं तुम्हाला सांगतो."

"तियामिकेचं काय?"

त्या नावासरशी त्यांचा चेहरा पडला. "मी पाहिलेल्यांत सगळ्यांत चांगले हात आहेत त्या पोरीचे," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

बाहेर आल्यावर एनिफा बाकावर बसली. काहीतरी खुपत होतं. दोन्ही हातांनी घेणं म्हणजे मान देणं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. धाकट्यानं थोरल्याकडून तसं घ्यायचं. साठी ओलांडलेला सर्जन चहावालीकडून दोन्ही हातांनी कप का घेतो?

४

लास्टन ब्वनाली मागच्या अंगणात थिएटरचे पांढरे गमबूट धुऊन खुंट्यांवर उलटे टांगत होता. अठ्ठावन्न वर्षांचा, ठेंगणा, रुंद पंजाचा. एनिफानं त्याला पोरवयात हत्यारं धुवायला ठेवला होता. पुढे तो शिकून क्लिनिकल ऑफिसर झाला. डॉक्टरची पदवी नाही, पण ठरावीक ऑपरेशनं करायची सरकारची परवानगी आहे, अशी माणसं. त्यांच्यावरच जिल्ह्याजिल्ह्यातली थिएटरं चालतात.

"अजून बूट तूच धुतोस?" एनिफा म्हणाली. "साहेब झालास ना?"

"तुम्हीच सांगितलं होतं, बुटाला रक्त राहिलं तर कान उपटीन. साहेब झालो म्हणून कान थोडेच गेले?"

"रजिस्टर कुठाय लास्टन?"

त्यानं एक बूट खुंटीवर चढवला, मग पुन्हा काढून त्यातलं पाणी झटकलं. "रजिस्टर थिएटरबाहेर जाऊ द्यायचं नाही, हाही तुमचाच नियम. मी तुमचा एकतरी नियम मोडलाय का?"

"रविवारी कुठे होतास?"

"इथेच. सकाळपासून दोन सिझेरियन आणि एक आतड्याचा पीळ. बायाही ठीक, पीळवालाही ठीक. आज पेज प्यायला."

"कुणी केली?"

"डॉक्टरांनी." तो बुटाशीच बोलला. "इथली सगळी ऑपरेशनं डॉक्टरांचीच असतात अगोगो. तुम्हीच शिकवलंत."

एनिफा दोन पावलं चालून थबकली. रविवारी सकाळी ती चर्चमध्ये होती. डॉक्टर न्यासुलू तिथले वडीलधारे. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या प्रार्थनेपर्यंत ते तिच्या पुढच्याच बाकावर बसले होते.

५

दुसऱ्या दिवशी उजाडताना एनिफानं मंदासी तळल्या, थिएटरच्या मुलींसाठी. हे गोड वडे टोपलीत भरले, टोपली जुन्या चितेंजेत गुंडाळली आणि लुगड्यासारख्या त्या कापडाचं टोक आत खोवू लागली. बोटं आपोआप चालली होती. एकदा मुडपलं, पुन्हा मुडपलं, आत सारलं. हात जागच्या जागी थांबले.

इस्पितळात पोचल्यावर तिनं टोपली ठेवली आणि थेट पुडकी बांधणाऱ्या मुलींजवळ जाऊन उभी राहिली. पोरी भराभर घड्या घालत होत्या. टोक एकदा मुडपायचं, आत खोवायचं. एकदाच.

"दोनदा मुडपत नाही का गं?"

मुली हसल्या. एलिडा म्हणाली, "अगोगो, नवं वाफेचं यंत्र आल्यापासून ते बंद केलं. दुहेरी घडीत वाफ नीट शिरत नाही. बारा वर्षं झाली असतील. आता तशी घडी मला स्वतःलाही जमायची नाही."

"मग कुणाला जमेल?"

"तुम्हाला," एलिडा म्हणाली, आणि थोड्या वेळानं, "आणि ज्यानं तुमच्याबरोबर हत्यारं धुतली, त्याला."

एनिफानं तियामिकेला हाक मारली. "तू तरुण आहेस, तुझे डोळे उधार दे. रजिस्टरांच्या मध्ये जे पुडकं आहे ना, त्याला हात लावू नकोस. नुसतं पाहा. चिकटपट्टीवर काळ्या रेघा किती आहेत?"

ही पट्टी कोरी असते तेव्हा पांढरीशुभ्र दिसते. पुडकं वाफेतून निघालं की तिच्यावर काळ्या रेघा उमटतात. रेघा पाहिल्याशिवाय थिएटरमध्ये कुणी पुडकं घेत नाही.

तियामिके कपाटाशी वाकली. बराच वेळ तशीच राहिली.

"एकही नाही, अगोगो."

६

अकरा वाजता एनिफानं सगळ्यांना त्या खोलीत बोलावलं. चिरांबोची गाडी बाहेर येऊन उभी होती. डॉक्टर न्यासुलू दाराशी, कोटाच्या खिशात हात घालून. लास्टन भिंतीला टेकून. तियामिके आणि एलिडा कपाटापाशी.

"काल या खोलीतली प्रत्येक वस्तू उघडून पाहिली," एनिफा म्हणाली. "कचराही सोडला नाही. फक्त एक गोष्ट कुणी उघडली नाही, कारण ती उघडायची नाही हे आमच्या हाडात भिनलंय. बम्बो चिरांबो त्या पुडक्याला हात लावणार होते, तर एलिडानं त्यांना झापलं. बाहेरच्या माणसाला ते दोन मिनिटांत सापडलं असतं. आम्हाला शंभर वर्षांत सापडलं नसतं."

एलिडानं तोंडावर हात ठेवला.

"या पुडक्यावर रेघा नाहीत. ते वाफेत गेलेलंच नाही. हत्यारांचं किंवा कपड्यांचं पुडकं वाफेत न घालता कपाटात ठेवतं कोण? वाफेत जे भिजून जाईल असंच काहीतरी त्यात आहे. आणि ते बांधलंय दुहेरी घडीनं. तशी घडी घालणारे आता दोघंच उरलेत. एक मी. काल मला ती घडी पाहून आनंद झाला, म्हातारीची अक्कल बघा. सोड ते, लास्टन. तूच बांधलंस, तूच सोड."

लास्टन पुढे झाला. त्याच्या जाड बोटांनी टोक हळूच ओढलं आणि कापड चारी बाजूंनी उलगडलं. आत गेल्या वर्षीचं रजिस्टर होतं, एक पानही न दुमडलेलं.

"थिएटरबाहेर नाही नेलं," तो एनिफाला म्हणाला.

"माहीत आहे. म्हणून तर सापडलं. पण का?"

तो डॉक्टरांकडे पाहत राहिला.

"तो सांगणार नाही," डॉक्टर न्यासुलू म्हणाले. त्यांनी खिशातून उजवा हात काढला आणि सगळ्यांसमोर सरळ धरला. हात थरथरत होता, वाऱ्यात केळीचं पान हलावं तसा. "चौदा महिने झाले. टेबलापलीकडे लास्टन उभा होता. त्यानं माझ्या हातातून सुरी घेतली, एक शब्द न बोलता. तेव्हापासून मी उभा राहतो, सांगतो. हात त्याचे असतात. कधी दुसऱ्या दोन क्लिनिकल ऑफिसरांचे. मी नसलो तरी काम थांबत नाही. रजिस्टरमध्ये नाव मात्र माझं."

चिरांबोनं रजिस्टर घेतलं, पानं उलटली. ऑक्टोबरपाशी त्याचं बोट थांबलं. "या आठवड्यात एकोणीस ऑपरेशनं आहेत. तुमच्या नावानं." त्यानं चष्मा काढला. "डॉक्टर, या आठवड्यात तुम्ही राजधानीत, लिलाँग्वेला होता. आमच्या बैठकीत. माझ्या शेजारी."

"म्हणूनच बांधलं ते," लास्टन म्हणाला. "दिवसागणिक वाचणार म्हणून पत्रात होतं. साहेबांना दोन वर्षांत निवृत्ती आहे. या माणसानं तेवीस वर्षं मला समोर उभं करून शिकवलं. खोटारडा म्हणून घरी जायचं त्यांनी?"

"आणि त्यापायी तियामिकेची जागा गेली तरी चालेल?"

लास्टननं मान खाली घातली. "ते मला काल कळलं. पुडकं सोडायचं म्हणत होतो. धीर झाला नाही."

बाहेर ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, पुन्हा बंद केली.

"आता माझं ऐका," एनिफा म्हणाली. तिचे पाय दुखत होते, तरी ती बसली नाही. "खोटारडं कुणाला म्हणायचं असेल तर माझ्यापासून सुरुवात करा. एक्क्याऐंशी साली डॉक्टर कालुआ आईच्या मातीला तलावापलीकडे गेले होते. एक बाई अडली. जायलोस नावाच्या क्लिनिकल ऑफिसरनं पोट उघडलं, दोघंही वाचली. रजिस्टर लिहिताना जायलोस म्हणाला, डॉक्टरांचं नाव लिही, थिएटर त्यांचं आहे. आमच्या गावात शेत कुणीही नांगरो, नाव आधी गावप्रमुखाचं घेतात. मला ते बरोबर वाटलं. मान वाटला तो. मी लिहिलं. मग प्रत्येक नव्या मुलीला तसंच शिकवलं. हाताचं नाव मदतनीसच्या रकान्यात, मोठ्याचं नाव सर्जनच्या रकान्यात. चाळीस वर्षं आम्ही मान लिहीत राहिलो. आणि काल समितीच्या या मुलानं त्या मानाच्या आकड्यानं भागलं, तर देशाला तीन सर्जन पुरतात असं निघालं."

चिरांबोनं खुर्ची ओढली. "मदतनीसच्या रकान्यातलं नाव म्हणजे खरा ऑपरेशन करणारा?"

"प्रत्येक ओळीत," एलिडा म्हणाली.

"सगळ्या इस्पितळांत असंच लिहितात?"

"मी शिकवलेल्या मुली सात जिल्ह्यांत आहेत," एनिफा म्हणाली. "तुम्हीच विचार करा."

त्यानं लॅपटॉप उघडला. तासभर एलिडा वाचत गेली आणि तो आकडे टिपत गेला. बारा वाजून गेले. ड्रायव्हर दोनदा दारात डोकावला, दुसऱ्यांदा त्याच्या हातात मंदासी देण्यात आली. डॉक्टर न्यासुलूंनी धडधाकट असताना स्वतःच्या हातानं वर्षाला किती केली, तेही त्यांच्याकडून विचारून घेतलं. तीनशे ऐंशी.

"डॉक्टर," चिरांबो शेवटी म्हणाला, "मी अकराशेनं भागत होतो. तीनशे ऐंशीनं भागायला हवं." त्यानं पडदा तियामिकेकडे वळवला. "तीनाचे नऊ होतात."

"आणि म्कुयुनी?" तिनं विचारलं.

"तिथे एक अडचण आहे. शिकवायला सर्जन हवा. हात..." तो अवघडून थांबला.

"हात कापतो, डोळा नाही कापत," डॉक्टर न्यासुलू म्हणाले. कितीतरी महिन्यांनी त्यांचा आवाज एनिफाला पूर्वीसारखा वाटला. "चौदा महिने मी तेच करतोय. समोर उभा राहून सांगतोय. लास्टनला विचारा, मी सांगतो तेव्हा चूक करायची सोय नसते."

"कान उपटतात," लास्टन म्हणाला. "इथली पद्धतच आहे ती."

चिरांबोनं दोन्ही रकान्यांचे फोटो घेतले. "मी वचन देत नाही. समितीपुढे नऊ मांडेन, का ते सांगेन. हात आणि नाव याबद्दल तुम्ही मला लेखी द्याल, डॉक्टर?"

"माझ्या नावानं देईन. अक्षर लास्टनचं असेल."

लास्टन हसला, मग त्याच्या लक्षात आलं की अजून एक गोष्ट राहिली आहे. "आणि माझं? रजिस्टर लपवल्याचं?"

"मी एवढंच लिहिणार की रजिस्टर कपाटातच होतं," चिरांबो म्हणाला. "त्यात खोटं काय आहे?"

७

ऑक्टोबरात जॅकरंडा फुलला आणि इस्पितळाचं अंगण जांभळं झालं, तेव्हा राजधानीहून पत्र आलं. समितीनं नऊऐवजी आठ मान्य केले. त्यातल्या दोन जागा म्कुयुनीला. शिकवणारे म्हणून डॉक्टर न्यासुलू, आणि त्यांच्या खाली लास्टन ब्वनाली हे नाव, पहिल्यांदाच त्याच्या स्वतःच्या रकान्यात. पहिली जागा कुणाला मिळाली हे सांगायला तियामिके धावत एनिफाच्या ओट्यावर आली. परदेशाच्या पत्राचे तिनं चार तुकडे केले होते आणि ते चुलीत घालायचा मान अगोगोचा, असं तिचं म्हणणं होतं.

एनिफानं तुकडे पदराला बांधले. "चुलीचं नंतर बघू. आधी चल माझ्याबरोबर. लास्टनलाही हाक मार."

इस्पितळाच्या मागच्या कोठीत जुनी रजिस्टरं उतरंडीसारखी रचलेली होती. एनिफानं वर्ष सांगितलं, तियामिकेनं धूळ झटकून ते काढलं. मग महिना, मग तारीख.

"ही माझी जन्मतारीख आहे," तियामिके म्हणाली.

"वाच."

"सिझेरियन. मुलगी. आई सुखरूप. सर्जन, डॉक्टर कालुआ." तिचं बोट पुढच्या, मदतनीसच्या रकान्याकडे सरकलं आणि तिथेच राहिलं. ती दाराकडे वळली. दारात लास्टन ओले हात पुसत उभा होता.

"तुम्ही?"

"डॉक्टर कालुआंना मलेरिया झाला होता," तो पुटपुटला. "माझं तिसरंच सिझेरियन. तू बाहेर यायला फार आढेवेढे घेतलेस."

"कधीच का नाही सांगितलंत?"

"माझं नाव सर्जनच्या रकान्यात नव्हतं."

एनिफानं पेन मागितलं. चुकलेली नोंद कशी दुरुस्त करायची ते तिनंच पोरींना शिकवलं होतं. खाडाखोड करायची नाही, जुनं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, वर खरं लिहायचं, तारीख घालायची, सही करायची. ओळ तिला धड दिसत नव्हती. तियामिकेनं तिचं मनगट धरून पेनाचं टोक बरोबर जागेवर टेकवलं. तिथून पुढे म्हातारीचे हात स्वतःहून चालले.

लास्टन ब्वनाली, तिनं लिहिलं. खाली सही केली, ए. काम्वेंडो, थिएटर सिस्टर. मग पेन तियामिकेच्या हातात देऊन म्हणाली, "आता यादी बघून सांग, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझा कितवा नंबर आलाय. शिकून झालीस की तूच कर म्हणणार होते, पण तेवढं थांबणं मला जमायचं नाही."